रेट सिंड्रोम आणि मेंदूतली रसायनं: पालक विचारतात ते प्रश्न

रेट सिंड्रोमचा रिपोर्ट हातात पडला की पालक रात्री मोबाइल घेऊन बसतात. ‘डोपामीन कमी’, ‘ग्लुटामेट वाढलेलं’, ‘सिरोटोनिनचा तुटवडा’ असं काय काय वाचतात आणि पुढच्या भेटीत विचारतात, ‘डॉक्टर, मग जे कमी आहे ते द्या ना.’ प्रश्न रास्त आहे. संशोधकांनीही तो पुन्हा पुन्हा विचारून पाहिलाय आणि त्यातून बरंच शिकायला मिळालंय. म्हणून या पानावर सगळ्यात जास्त जागा त्याच प्रश्नाला दिली आहे.

रेट सिंड्रोम म्हणजे नेमकं काय?

मेंदूच्या वाढीचा एक जनुकीय विकार. साधारण १०,००० मुलींमागे एकीला होतो. मूल सहा ते अठरा महिन्यांचं होईपर्यंत फारसं काही लक्षात येत नाही. मग शिकलेल्या गोष्टी जायला लागतात: हाताने वस्तू धरणं, बोलायला लागलेले दोन-चार शब्द, कधी चालणं. त्या जागी हातांची एक न थांबणारी हालचाल येते. हात पिळणं, टाळ्या, हात सतत तोंडात. ही घसरण काही महिने चालते आणि पुढे थांबते, त्यानंतर बरीच वर्षं परिस्थिती स्थिर राहते. फिट येणं, श्वासाची अनियमितता, पाठीचा कणा वाकणं, बद्धकोष्ठता हे त्रास वेगवेगळ्या वयात सुरू होतात.

पहिल्या वाढदिवसापर्यंत ती छान होती. मग अचानक काय बिघडलं?

अचानक नाही. बिघाड जन्मापासूनच होता, तो दिसायला वेळ लागला.

एक्स गुणसूत्रावर एमईसीपी२ नावाचं जनुक असतं (डॉक्टर बोलताना ‘मेकपी-टू’ म्हणतात). त्यापासून त्याच नावाचं प्रथिन तयार होतं. हे प्रथिन डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसतं आणि इतर हजारो जनुकांचं काम किती चालावं यावर नियंत्रण ठेवतं. जन्माच्या वेळी मेंदूत त्याची गरज तुलनेने कमी असते. पुढच्या महिन्यांत चेतापेशी एकमेकींशी जोडल्या जातात, जोडण्या पक्क्या होतात, तसतसं या प्रथिनाचं प्रमाण वाढत जातं. बिघाड उघड होतो तो याच काळात.

जुने व्हिडिओ पुन्हा पाहिले तर काही पालकांना खुणा सापडतात. अंग थोडं ढिलं, रांगणं उशिरा, आणि बाळ ‘फार शांत’. आपल्याकडे शांत बाळाचं कौतुकच होतं, त्यामुळे ही खूण कुणाच्या मनात खटकत नाही.

मेंदूत कोणतं रसायन कमी असतं?

एकच असतं तर गोष्ट सोपी होती. आजवर जे सापडलंय त्यातलं महत्त्वाचं सांगतो.

नॉरएड्रेनॅलीन, डोपामीन आणि सिरोटोनिन यांच्याबद्दल सगळ्यात आधी कळलं. १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या हुदा झोगबी आणि सहकाऱ्यांनी रेटच्या मुलींच्या पाठीतल्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) यातल्या काही रसायनांचे अवशेष मोजले, ते कमी भरले. पुढच्या सगळ्या तपासण्यांत आकडे इतके स्पष्ट आले नाहीत, पण एकूण दिशा तीच राहिली. नॉरएड्रेनॅलीन आणि सिरोटोनिन तयार करणाऱ्या पेशी ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो त्या भागात असतात. श्वासाची लय, हृदयाचे ठोके, झोप-जाग, हातापायांचा रक्तपुरवठा हे सगळं तिथून चालतं. रेटच्या मुलींच्या तक्रारींची यादी याच्या शेजारी ठेवून पाहा, बरंचसं जुळतं. डोपामीन हालचालींशी संबंधित आहे. मोठ्या वयात काहींचं अंग पार्किन्सनसारखं ताठर होतं, त्याचा धागा इथे असावा.

ग्लुटामेट हे मेंदूतलं मुख्य उत्तेजक रसायन. काही अभ्यासांत ते पाठीतल्या पाण्यात वाढलेलं आढळलं. गाबा त्याच्या उलट, पेशींना आवर घालणारं. २०१० मध्ये झोगबींच्याच प्रयोगशाळेने उंदरांमध्ये फक्त गाबा तयार करणाऱ्या पेशींतून हे प्रथिन काढून टाकलं. बाकी सगळा मेंदू शाबूत. तरीही त्या उंदरांमध्ये रेटची बहुतेक लक्षणं आली, पंजांची तीच ती हालचालसुद्धा. उत्तेजना आणि आवर यांचा तोल बिघडतो हे त्यामुळे जवळपास पक्कं झालं.

याशिवाय स्मरणाशी निगडित अ‍ॅसिटिलकोलीन कमी, वेदना आणि श्वासाशी संबंधित सबस्टन्स पी कमी, चेतापेशींना वाढायला मदत करणारं बीडीएनएफ हे प्रथिन उंदरांच्या मेंदूत कमी.

आणि हे चित्र वयाप्रमाणे बदलतं. ग्लुटामेट ज्यावर काम करतं ते एनएमडीए प्रकारचे ग्राहक (पेशीवरच्या, रसायन पकडणाऱ्या जागा) लहान मुलींच्या मेंदूत नेहमीपेक्षा जास्त आढळले, मोठ्या मुलींत कमी. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीला जे लागू, ते पंधरा वर्षांच्या मुलीला लागू असेलच असं नाही. इंटरनेटवर ‘रेटमध्ये ग्लुटामेट वाढतं’ असं सरसकट लिहिलेलं असतं, ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मग जे कमी आहे ते द्यायचं, जास्त आहे ते कमी करायचं. हे का करत नाही?

करून पाहिलंय. एकदा नाही, अनेकदा.

सुरुवात अगदी पहिल्या दिवसापासून झाली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना १९५४ मध्ये स्वतःच्या दवाखान्याच्या प्रतीक्षा खोलीत आयांच्या मांडीवर बसलेल्या दोन मुली दिसल्या. दोघी हात अगदी सारखे पिळत होत्या. त्यांनी आणखी मुली शोधल्या आणि १९६६ मध्ये जर्मन भाषेत लेख लिहिला. त्यांना वाटलं, रक्तात अमोनिया वाढल्यामुळे हे होतंय. लेखाच्या शीर्षकातच ते होतं. नंतर बहुतेक मुलींमध्ये अमोनिया नॉर्मल निघाला. कारण चुकलं, पण मुलींचं वर्णन इतकं अचूक होतं की आजही ते ओळखू येतं. लेख जर्मनमध्ये असल्याने तो फार कुणी वाचला नाही. स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग यांनी फ्रान्स आणि पोर्तुगालच्या सहकाऱ्यांबरोबर १९८३ मध्ये ३५ मुलींची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला हा आजार कळला आणि रेट यांचं नाव त्याला मिळालं.

पुढचा प्रयत्न एंडॉर्फिनचा, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक रसायनाचा. पाठीतल्या पाण्यात बीटा-एंडॉर्फिन जास्त आढळलं, म्हणून त्याचा परिणाम रोखणारं नाल्ट्रेक्सोन देऊन पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला. श्वासात थोडा फरक वाटला, पण औषध घेणाऱ्या मुलींची एकूण घसरण उलट जास्त दिसली. ते तिथेच सोडून द्यावं लागलं.

नॉरएड्रेनॅलीन कमी आहे ना, मग ते पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ टिकवणारं डेसिप्रामीन? उंदरांचा श्वास सुधारला होता. फ्रान्समधल्या मुलींवरच्या चाचणीत ठोस फायदा सिद्ध झाला नाही. सिरोटोनिनच्या एका ग्राहकावर काम करणारं सारिझोटान? त्यानेही उंदरांचा श्वास सुधारला. २०२० मध्ये माणसांवरची चाचणी अपयशी ठरली. चेतापेशींच्या वाढीला मदत करणारं आयजीएफ-१? लहान चाचणीत आशा वाटली, मोठ्या चाचणीत ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही.

माझं मत सरळ आहे. मेंदूतली ही सगळी रसायनं खालच्या पायरीवर आहेत. वरच्या पायरीवर एक प्रथिन गडबडलंय, म्हणून खाली दहा ठिकाणी आकडे बिघडले. त्यातला एखादा आकडा बाहेरून दुरुस्त केला तरी उरलेले नऊ तसेच राहतात. शिवाय काही बदल हा बिघाडच असतो असंही नाही. मेंदू स्वतःला सावरायला जे करतो, तेही मोजमापात ‘बदल’ म्हणूनच दिसतं, आणि तेच औषधाने मोडलं तर नुकसान होतं.

म्हणजे मूळ प्रथिनच वाढवलं तर?

तिकडेच सगळ्यांचं लक्ष आहे, पण अडचण प्रमाणाची आहे. स्वयंपाकातल्या मिठासारखं आहे हे: कमी पडलं तर चालत नाही आणि मूठभर जास्त पडलं तर पातेलंच वाया. एमईसीपी२ जनुकाची एक जादा प्रत असली तर एक वेगळाच गंभीर विकार होतो, तो बहुतेक मुलग्यांना. रेटच्या मुलीत आणखी एक पेच असतो. तिच्याकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि प्रत्येक पेशी त्यातलं एकच वापरते. त्यामुळे तिच्या मेंदूत काही पेशींना चांगलं प्रथिन मिळतं, काहींना मिळत नाही. नवं जनुक सगळीकडे टाकलं तर निरोगी पेशींत ते जास्त होण्याची भीती असते.

२०२३ पासून जीन थेरपी माणसांना देऊन पाहण्याच्या चाचण्या सुरू आहेत आणि प्रमाण आपोआप आवरलं जावं अशा युक्त्या त्यांत वापरल्या आहेत. २०२४ मध्ये यातल्या एका चाचणीत जास्त डोस दिलेल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला, तो डोस नंतर बंद केला गेला. आशा बाळगायला हरकत नाही. मात्र ‘जीन थेरपी आमच्याकडे उपलब्ध’ असं सांगून पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथून उठावं. अधिकृत चाचणीत उपचारासाठी पालकांकडून पैसे घेत नाहीत.

चेतापेशी मरत जातात का?

नाही, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कदाचित हीच आहे. मेंदू वयाच्या मानाने लहान राहतो, पेशी लहान आणि दाटीवाटीने असतात, त्यांच्या फांद्या कमी असतात. पण पेशी जिवंत असतात. २००७ मध्ये एडिनबर्गच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी पडलेल्या प्रौढ उंदरांमध्ये बंद असलेलं जनुक पुन्हा सुरू केलं. मरायला टेकलेले काही उंदीर जवळपास नॉर्मल झाले. माणसात असं अजून झालेलं नाही. पण ‘गेलं ते कायमचं गेलं’ ही समजूत त्या प्रयोगानंतर टिकली नाही.

ट्रोफिनेटाइड नावाचं औषध आलंय ना?

हो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) दोन वर्षांवरच्या रुग्णांसाठी मान्यता दिली. रेटसाठी मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध. आयजीएफ-१ च्या टोकाचे तीन अमिनो आम्लांचे कण घेऊन बनवलेल्या रेणूचं हे सुधारित रूप आहे. दिवसातून दोनदा, पातळ स्वरूपात. ज्या चाचणीवर मान्यता मिळाली ती १२ आठवड्यांची, १८७ मुलींची होती. पालकांनी आणि डॉक्टरांनी नोंदवलेल्या लक्षणांत सुधारणा दिसली. ती मध्यम होती, सगळ्यांना नव्हती, आणि औषध घेणाऱ्या पाचांतल्या चार मुलींना जुलाब झाले. अमेरिकेत खर्च वर्षाला काही लाख डॉलर आहे. हे औषध मूळ जनुकाला हात लावत नाही. घर विकून ते मिळवण्याचा विचार करणाऱ्या पालकांना मी थांबून पुन्हा विचार करायला सांगेन.

पाठीतलं पाणी काढून रसायनं तपासायची का?

रेटच्या निदानासाठी नाही. आकडे एका मुलीत आणि दुसरीत इतके वेगळे येतात की त्यावरून उपचार ठरत नाहीत. निदान लक्षणांवरून होतं आणि रक्तातून केलेल्या जनुक तपासणीने पक्कं होतं. ठरावीक लक्षणं असलेल्या मुलींत ९५ टक्क्यांहून जास्त वेळा एमईसीपी२ मध्ये दोष सापडतो. तपासणीत जनुकाचा तुकडा गळालाय का हेही पाहायला हवं, नुसतं अक्षरांचं वाचन पुरत नाही. लॅबला तसं विचारून घ्या. लक्षणं थोडी वेगळी असतील, विशेषतः फिट पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाल्या असतील, तर सीडीकेएल५ आणि फॉक्सजी१ ही जनुकंही पाहतात. दुसऱ्या एखाद्या आजाराचा संशय असेल तर डॉक्टर पाठीतल्या पाण्याची तपासणी सांगू शकतात, ते कारण वेगळं.

‘न्यूरोट्रान्समीटर प्रोफाइल’ म्हणून लघवीची महागडी तपासणी विकली जाते. लघवीत उतरणारं सिरोटोनिन किंवा डोपामीन बहुतांश मेंदूबाहेर तयार झालेलं असतं. तिचा इथे उपयोग नाही.

हे ऑटिझमच आहे, असं आधी सांगितलं होतं.

घसरणीच्या काळात मुलगी नजर टाळते, स्वतःत हरवल्यासारखी होते, म्हणून तसं निदान होणं समजण्यासारखं आहे. फरक पुढे दिसतो. रेटची मुलगी त्या टप्प्यातून बाहेर आली की डोळ्यांत डोळे घालून पाहते, माणसं तिला आवडतात.

आमच्याकडून काही चुकलं का? गरोदरपणात, लसीमुळे, ग्रहणामुळे?

नाही. बहुतेक वेळा जनुकातला हा बदल नव्याने झालेला असतो, आणि तो जास्त करून वडिलांच्या शुक्राणूत घडतो. त्यात वडिलांचीही काही चूक नसते, पेशी तयार होताना होणारा तो अपघात आहे. गोवर-रुबेलाची लस आणि घसरण यांचं वय जुळतं, एवढाच त्यांचा संबंध. सासरच्या मंडळींना हे समजावून सांगायचं असेल तर त्यांना घेऊनच डॉक्टरांकडे या. सुनेने सांगितलेलं जिथे ऐकलं जात नाही, तिथे डॉक्टरांचं ऐकलं जातं. चीड येते, पण असंच आहे.

पुढच्या मुलाला धोका एक टक्क्याहून कमी असतो. तरी आईच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण क्वचित आईत हा दोष लक्षणांशिवाय असू शकतो. पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणीही शक्य असते.

मुलग्यांना होतो का?

क्वचित. त्यांच्याकडे एकच एक्स गुणसूत्र असल्याने आजार बहुधा जन्मापासूनच फार तीव्र असतो.

ती मध्येच श्वास रोखते, मध्येच भराभर घेते. पायही बर्फासारखे गार.

दोन्ही ब्रेनस्टेमचं काम. श्वासाचा त्रास बहुधा जागेपणी असतो, झोपेत पुष्कळ कमी होतो. हवा गिळल्याने पोट फुगतं. पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो, पण बहुतेक वेळा ती स्वतःच त्यातून बाहेर येते. ओठ निळे पडणं, बेशुद्ध होणं असं वारंवार होत असेल तर तपासणी हवी. पायांना मोजे घाला, हळू चोळा. गरम पाण्याची पिशवी नको, चटका बसलेला तिला सांगता येणार नाही.

टक लावून थिजणं, अंग झटकणं हे सगळं फिट असतंच असं नाही. फोनवर व्हिडिओ काढा आणि शक्य असेल तिथे व्हिडिओ-ईईजी (व्हिडिओबरोबर मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) करून घ्या. नाहीतर फिटच्या गोळ्या विनाकारण वाढत जातात आणि मुलगी दिवसभर पेंगते.

दुसऱ्या डॉक्टरकडे नेताना काय सांगायचं?

काही मुलींमध्ये ईसीजीतला ‘क्यूटी’ हा भाग लांबलेला असतो, त्यातून हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते. म्हणून वर्षातून एकदा ईसीजी. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, डॉमपेरिडोन, ओन्डॅनसेट्रॉन यांसारखी क्यूटी लांबवणारी औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ही नावं साधी आहेत, सर्दी-खोकला-उलटीला गल्लीतल्या दवाखान्यातही सहज दिली जातात. एका कागदावर लिहून तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा.

स्टेम सेल, मेंदूचं टॉनिक, विशेष आहार?

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या आणि तत्सम ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. टॉनिकने मेंदूतलं प्रथिन बदलत नाही. आहाराचं मात्र महत्त्व आहे. या मुली चावताना-गिळताना दमतात, वजन घटतं, हाडं ठिसूळ होतात. भातात तूप, घट्ट खीर, नाचणीचं सत्त्व, कॅल्शियम, डॉक्टर सांगतील तेवढं ड जीवनसत्त्व. जेवायला तासभर लागत असेल किंवा प्रत्येक घासाला ठसका लागत असेल तर ते ‘नखरे’ नाहीत, गिळण्याची तपासणी करून घ्या.

तिला कळतं का?

ती दाखवू शकते त्यापेक्षा पुष्कळ जास्त. हात आणि जीभ ऐकत नाहीत, डोळे ऐकतात. दोन वस्तू समोर धरा, ‘दूध की केळं?’ विचारा आणि थांबा. दहा-वीस सेकंद सुद्धा लागतात, कधी त्याहून जास्त. आपण घाईने दुसऱ्यांदा विचारतो आणि तिचं उत्तर अर्ध्यावर तुटतं. नजरेने चालणारे महागडे संगणक आहेत, पण पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चार चित्रांनीही सुरुवात होते.

महाराष्ट्रात मदत कुठे मिळते?

जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लवकर हस्तक्षेप केंद्र, ही पहिली पायरी. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा कवच मिळतं, त्यात थेरपीचा काही खर्चही बसतो. मुलगी अठरा वर्षांची झाली की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. आईवडील म्हणून ते आपोआप चालू राहत नाही. यातल्या निम्म्याहून अधिक मुली चाळिशी ओलांडतात, त्यामुळे हा विचार लांबणीवर टाकू नये.

रात्री अचानक किंचाळते, रडते, थांबतच नाही. मेंदूतलं रसायन बिघडल्यामुळे का?

असू शकतं, पण ते सगळ्यात शेवटी धरायचं. आधी पोट: किती दिवस शौचाला झालं नाही, गॅस, आंबट पाणी वर येणं. पित्ताशयात खडेही होतात, सोनोग्राफीत दिसतात. मग दात. या मुली करकर दात खातात, दाढ किडलेली असली तरी बोट दाखवता येत नाही. कान. लघवीचा संसर्ग. पाळी सुरू झालेली असेल तर तारखा लिहून ठेवा. एखादा हात किंवा पाय हलवताना जास्त ओरडत असेल तर एक्स-रे, ठिसूळ हाडाला उचलतानासुद्धा भेग पडते. हे सगळं पाहून झालं आणि काही सापडलं नाही, तर झोपेसाठी मेलाटोनिन वगैरे विषय न्यूरोलॉजिस्टकडे काढा. ‘रेटच्या मुली रडतातच’ असं सांगून न तपासता परत पाठवणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा.